इतिवृत्तातलं जास्तीचं वाक्य

माझ्या ढब्बूस,

तुमच्याकडे लष्करानं सत्ता बळकावल्यापासून टपालही बंद आहे, तेव्हा हे पत्र माझ्याच टेबलाच्या खणात राहणार.

काल आपल्या संसदेत तू अडकलायस त्या देशाबद्दल ठराव आला. मी नेहमीसारखी सभागृहात बसून बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत टिपत होते. ‘चिंता’ म्हणायचं की ‘तीव्र चिंता’, यावर तासभर कीस पाडला. शेवटी ‘तीव्र’ ठरलं आणि सगळे जेवायला गेले. तेवढ्या वेळात तू दोनदा जेवला असतास, खादाडा.

दुपारी मी टिपणं टाइप करून दिली, तर प्रमुखांनी एक पान परत पाठवलं. ठरावाखाली मी लिहून बसले होते, ‘माझ्या भावाला घरी पाठवा.’ सव्वीस वर्षांत इतिवृत्तात पदरचा एक शब्द घातला नव्हता रे. हात कसा गेला, कळलंच नाही.

त्या वाक्यावर लाल रेघ होती. आमचे प्रमुख म्हणजे कामापलीकडे अवाक्षर न काढणारा माणूस. रेघेखाली त्यांनी बारीक पेन्सिलीनं विचारलंय, ‘त्यांचा काही पत्ता लागला का?’

ते पान उद्या परत द्यायचंय. उत्तर काय लिहू, तेवढं सांग.

तुझ्यासाठी दार उघडं ठेवणारी,
ताई