पाठकोरे कागद

दि. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

राज्यघटना समितीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं आणि आनंदाच्या भरात मी वर्ग अर्धा तास लवकर सोडला. लहानपणी माझी प्रत्येक लबाडी आईच्या कानावर घालायला तुला कधी दम निघाला नाही, आणि त्याच तुला म्हणे गुप्ततेची शपथ दिली! देशाचं काही खरं नाही.

समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या, ते आमच्या गावानं फारच मनावर घेतलंय. रोज शाळा सुटली की मी व्हरांड्यात टेबल मांडून बसतो. न्हावी आला, वखारवाली आली, पोस्टमन तर तीनदा आला. माणशी एक कागद, आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, असा नियम मी घातला. वाचणाऱ्याला सोपं जावं हा हेतू. असे तीनशे बारा कागद खोक्यात घालून पाठवले आहेत.

त्यात तुझ्या वहिनीचा, म्हणजे आमच्या सौ.चाही एक आहे. टपोऱ्या अक्षरात पान भरून चार ओळी लिहायला तिला तीन संध्याकाळी लागल्या. नदीपलीकडच्या देशातून आली तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि सरकारी दवाखान्यात नर्स होऊन आता अकरा वर्षं झाली. तिचं मागणं एवढंच की, तिच्यासारख्या इथे वाढलेल्यांना इथलंच धरावं. तेवढा तिचा कागद कुणाच्या तरी हातात पडेल, असं बघ.

लोभ आहेच, पगार वाढल्यावर तो कमी होऊ नये, ही विनंती.

तुझा,
मास्तर

---

दि. १९ ऑगस्ट

चि. मास्तरास,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. पोच मीच सही करून दिली. दोरीला तू मारलेल्या सात गाठी बघून कोणाचं खोकं ते वाचायची गरजच पडली नाही.

कामाबद्दल काही लिहायचं नाही. पत्रं उघडी द्यावी लागतात, ती मुख्य कारकून वाचतात आणि मग टपालात पडतात. पण व्यवस्थेबद्दल लिहू का, असं मी विचारलं, तर म्हणाले लिहा, किती काटेकोर काम चालतं ते लोकांना कळू दे. तर ऐक. खिडक्यांच्या काचांना आतून कागद चिकटवलाय. टाईपरायटरच्या फिती संध्याकाळी मोजून कुलपात जातात. कच्चे मसुदे पाच वाजता मागच्या अंगणातल्या पिंपात जाळतात, आणि राख काठीनं ढवळायची पाळी आठवड्यातून दोनदा माझी असते. घरी आल्यावर केसांना धुराचा वास येतो.

मुख्य कारकुनांना आम्ही आपसात चिमटा म्हणतो. (हे वाक्य ते वाचणार, हे आत्ता लक्षात आलं. राहू दे, त्यांना माहीत आहे.) कागदाची टंचाई आहे, म्हणून कोऱ्या कागदाला ते हात लावू देत नाहीत.

नर्सबाईंना सांग, अक्षर सुरेख आहे.

आठवण असू दे.

तुझी ताई

---

दि. २ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर सुरेख आहे असं तू लिहिलंस, म्हणजे कागद वाचला गेला! तुझ्या वहिनीचे पाय दोन दिवस जमिनीवर नव्हते. गावात मी छाती काढून फिरतोय, कारण आपलं माणूस आत बसलंय. दर रविवारी चारपाच जण येऊन विचारतात, मास्तर, आपल्या सूचनांचं काय झालं. त्यांना काय सांगू?

आणखी एक विचारायचं आहे. जिल्ह्याच्या कचेरीत म्हणे एक नोंदवही ठेवली आहे. नदीपलीकडून आलेल्यांनी हवं तर तिच्यात नाव घालावं, मुदत ३१ ऑक्टोबर. कशासाठी, ते तिथल्या कारकुनालाही सांगता येईना. जाऊन यायला पूर्ण दिवस मोडतो, आणि दवाखान्यात तापाची साथ आहे, वॉर्डात ती एकटीच. तुला कामाचं काही विचारत नाही. तू फक्त ‘जा’ एवढं लिही, आम्ही जाऊ. नाही लिहिलंस तर जाणार नाही.

लोभ असावा, आणि उत्तर लवकर यावं.

मास्तर

---

दि. १० ऑक्टोबर

चि. मास्तरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गावकऱ्यांना सांग, आलेल्या सर्व सूचना विचारात घेतल्या जात आहेत.

नोंदवहीचं मला काय कळणार? तुम्हाला सोयीचं वाटेल तसं करा. साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्या. इकडे हवा कोरडी आहे, माझा खोकला जात नाही.

प्रकृतीला जपा.

ताई

---

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार.

राज्यघटना पोस्टात विकायला आली. व्हरांड्यात टेबल मांडून मी ती मोठ्यानं वाचली. कलम सातपर्यंत पोचलो आणि पुढे वाचवेना. नदीपलीकडून आलेल्या ज्यांची नोंद ३१ ऑक्टोबरपर्यंत झालेली नाही, ते नागरिक नाहीत. सरकारी नोकरी नाही, मत नाही, दर सहा महिन्यांनी पोलीस कचेरीत हजेरी. तुझी वहिनी मागच्या बाकावर बसली होती. तिनं सगळ्यांसमोर विचारलं की मास्तर, आणखी एकदा वाचता का.

काल दवाखान्यातलं तिचं कपाट रिकामं करून घेतलं. ज्या डॉक्टरांनी साथीत तिला एक दिवस रजा दिली नाही, त्यांनीच सही केली.

ऑक्टोबरमध्ये तुझं पत्र आल्यावर मीच तिला म्हणालो होतो, काही असतं तर ताई बोलली असती. आता एवढंच सांग. कलम सात तुझ्या हाताखालून कधी गेलं?

मास्तर

---

दि. १५ जानेवारी

चि. मास्तरास,
आशीर्वाद लिहायचा हक्क राहिला आहे का, ते तू ठरव.

कचेरी बंद झाली. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकते आहे, कुणी वाचलेलं नाही.

सोबत एक कागद आहे. त्याच्या एका बाजूला वहिनीच्या चार ओळी आहेत. कागद उलट, दुसऱ्या बाजूला कलम सातचा पहिला मसुदा आहे, आणि वर तारीख आहे, २७ सप्टेंबर. टाईप मी केला आहे.

कच्च्या कामाला पाठकोरे कागद वापरा, असा चिमट्याचा हुकूम होता. पाठकोरे कागद आणायचे कुठून? देशभरातून खोकी येऊन पडलीच होती. बहुतेकांनी दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, ते अडगळीत गेले. तुझे तीनशे बारा एका बाजूनं कोरे आणि सरळ, घडी न पडलेले. चिमटा खूष झाला. म्हणाला, या गावचा मास्तर शहाणा दिसतो. महिनाभर आम्ही तुझ्या गावावर टाईप केलं, आणि पाच वाजता जाळलं. मसुदे गुप्त होते, तेव्हा सूचनाही त्यांच्याबरोबरच गेल्या. यंत्रात घालण्याआधी प्रत्येक कागद मी वाचत असे. वाचणारी मी एकटीच. वहिनीचा तेवढा बुटात घालून बाहेर आणला.

शपथ होती म्हणून गप्प बसले, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. ‘जा’ या एका शब्दातून चिमट्याला काय कळलं असतं? काहीसुद्धा नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी तो शब्द लिहिला, मग ते पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. नोकरी जाईल म्हणून घाबरले, मास्तर. मला माफ कर असं म्हणवत नाही.

ताई

---

दि. २४ जानेवारी

ताईस,

कागद पोचला. एकाच बाजूला लिहा असं मीच सांगितलं होतं, हे मी अजून कुणाला बोललेलो नाही. रविवारी माणसं आली, सूचनांचं काय झालं म्हणून विचारत होती. माझ्या बहिणीनं जाळल्या, असं सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते तुझंच वाक्य. सर्व सूचना विचारात घेतल्या गेल्या. न्हाव्यानं समाधानानं मान हलवली. म्हणजे आता आपण दोघं एकाच कचेरीत.

तुझ्या वहिनीनं कागद दोन्ही बाजूंनी नीट वाचला. म्हणाली, वन्संचा हात चांगला आहे, एवढ्या मजकुरात कुठे खाडाखोड नाही. मग पेन घेऊन बसली. तुला त्याच कागदावर उत्तर लिहायचं होतं तिला. बराच वेळ तो उलटसुलट करून पाहिला, पण लिहायला जागा नव्हती.

मास्तर