चार बोटं कमी

४ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

शिवणबाईच्या लेकी आपण! वजनकाटा लोकांना, आपण दर महिन्याला एकमेकींना कमरेच्या मापाचा दोरा पाकिटातून पाठवतो. या खेपेचा तुझा दोरा चार बोटं कमी! मी दोनदा ताणून पाहिला, तुझ्या भावोजींना दाखवला. ते म्हणाले, धाकटीकडून काहीतरी शिक. रक्तात साखर निघाल्यावर गोड सोडलंस वाटतं. तुझं शिवणाचं दुकान बंद झालं, आता सकाळी फिरायलाही जात असशील. शाब्बास! अशीच माझ्यावर कुरघोडी करत राहा.

तुझी जाडी ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी काहीच सोडलं नाही गं. दुकान बंद झाल्यापासून सकाळी उठवतच नाही. मार्चपासून साखरेच्या गोळ्या घेतल्या नाहीत. विसरले नव्हते, घ्याव्याशाच वाटल्या नाहीत. परवा ह्यांनी ओढत दवाखान्यात नेलं. साखर चारशेच्या वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बारीक होणं नव्हे, साखर अंगी लागत नाही म्हणून अंग स्वतःलाच जाळतंय. मग विचारलं, रडू येतं का? म्हटलं, तेही येत नाही. त्या म्हणाल्या, मन खचलं की साखर चढते, साखर चढली की मन आणखी खचतं. औषध दोन्हींना हवं. पायाचा अंगठा काळा पडलाय. तू एवढी खूश होतीस, म्हणून इतके दिवस खरं लिहवेना.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
ठमी

२१ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र ओट्याशी उभ्यानंच वाचलं, भाजी करपली. मिशनच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, मी नुसतं अक्षर बघते, मजकूर वाचतच नाही. तेच केलं. तुझ्या दुखण्याला शाबासकी दिली मी! रविवारी येते. तुझ्या भावोजींना विचारलं नाही, सांगितलं. फिरायला चल म्हणणार नाही, हसवणारही नाही. गोळी हातावर ठेवीन आणि जवळ बसेन.

तुझीच,
ताई

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अंगठा वाचत नाही. सोमवारी काढणार आहेत. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मला काहीच वाटलं नाही, त्याचीच भीती वाटते. येऊ नकोस असं लिहायला दोनदा बसले, दोन्ही कागद फाडले. घरात पाय ठेवायला जागा नाही, आठवडाभर केस विंचरलेले नाहीत, मला तुझ्यासमोर यायची लाज वाटते.

तरी ये.

ठमी