जेलीला नावं ठेव

२ डिसेंबर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पेरूची जेली पोचली. छान झालीय हो! सगळ्यांना आवडली. माझ्या लेकीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायच्या बाटल्यांची मात्र तू काळजी करू नकोस. त्या तापात तुला वास येणं बंद झालं, त्याला चार महिने होतील. कशाला शेगडीपाशी उभी राहतेस? आम्ही दुकानातून मागवतो. शिलाई मशीनवरही फार बसू नकोस.

माया आहेच, ती वेगळी काय लिहू?

तुझी ताई

७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकंच फिरलं. ‘छान झालीय’? पन्नास वर्षांत माझ्या हातचं काही तुला छान लागलंय? भावजी परवा कापड द्यायला आले, त्यांनी बोलता बोलता सांगून टाकलं. जेली खाली लागली होती, करपट वास मारत होता आणि तू बाटली मागच्या फळीवर ढकललीस. माझं नाक गेलंय ताई, अक्कल नाही! चार महिने जो तो मला छान छान म्हणतोय. शेजारीण, सून, गिऱ्हाइकंसुद्धा. रडू येतं गं.

लग्नाची जेली मीच करणार. दुकानाला नाही म्हणून कळव.

सोबत नमुना पाठवतेय. रस दिवसभर टांगून गाळला, फडकं पिळलं नाही, म्हणून नितळ आलाय. उलथनं तळापासून हलवत राहिले. थंड बशीवर थेंब टाकून बोटानं ढकलला, सुरकुती पडली तेव्हाच गॅस बंद केला. अडतं ते फक्त लवंग-दालचिनीच्या पुरचुंडीपाशी. पूर्वी वास भरला की ती काढायचे. आता घड्याळ लावून दहाव्या मिनिटाला काढली. पुरेशी झाली का, ते खरं लिही. पुन्हा गोड बोललीस तर माझ्याशी गाठ आहे.

खरं लिहिण्याइतका लोभ असावा.

छोटी

१३ डिसेंबर

चि. छोटीस,
आशीर्वाद.

घे, खरं हवं ना? रंग सुरेख, सुरीनं कापली तर काप उभा राहतो. पण मसाला कुठाय? लवंग लाजून बसलीय, दालचिनीचा पत्ताच नाही. आणि लिंबू किती पिळलंस! आंबट तर जिभेला कळतं ना तुझ्या? बाटलीवरची चिठ्ठीही वाकडी. शिवणकाम करणाऱ्या बाईला सरळ रेघ येऊ नये?

मी खोटं लिहिलं, कारण मला तुझी कीव आली. अशी कधी आली नव्हती, त्यामुळे घाबरले. दुकानाला अजून नाही म्हटलेलं नाही. आधी नीट करून दाखव.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.

ताई

१८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एकदा चिडून, एकदा शेजारणीला ऐकवायला. चार महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. चिठ्ठी सरळच आहे, तुझा चष्मा वाकडा आहे. लिंबू कमी केलंय, पुरचुंडी वीस मिनिटं ठेवलीय. हा दुसरा नमुना. यालाही नावं ठेव. तिसऱ्यालाही ठेव. साठ बाटल्या उकळून पालथ्या घातल्यात. दुकानाला आजच नाही कळव, नाहीतर लग्नात येऊन पाहुण्यांसमोर भांडेन.

आपलं भांडण असंच राहू दे, एवढीच विनंती.

छोटी