अंबाडीचं वाण

क्लेमेंटी, सिंगापूर
९ मार्च २०२५

ती. ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. उद्धवच्या बँकेतले रुचिर उद्या पुण्याला निघतायत, ते हे घरी आणून देतील. त्यांना चहा विचार, पण यातलं काही विचारू नकोस. त्यांना फक्त पाकीट माहीत आहे.

श्रीनिवासरावांची शुगर कशी आहे? ते येणार नाहीत, तू एकटीच येतेयस, हे वकिलांकडून कळलं. बरं केलंस. त्यांना हे सगळं झेपणार नाही.

आमचं चाललंय. उद्धव कामावर जातो, येतो, जेवताना ताटातून नजर वर करत नाही. त्या दिवशी घराची झडती झाली तेव्हा आम्हा तिघांचीही लघवी तपासायला घेतली. माझ्या लेकीची, पूर्वीचीसुद्धा. सोळा वर्षांची पोर बाटली हातात घेऊन रांगेत उभी होती, ते तो विसरत नाही. आमचं काही निघालं नाही. तुझ्या निमिषचं निघालं. ताई, तो सिगरेटही ओढत नाही असं तू सगळ्यांना सांगतेस ना, ते आता सांगू नकोस.

परवा त्याला भेटून आले. मध्ये काच असते, रिसीव्हरवर बोलायचं. बारीक झालाय. जेवण शाकाहारी मिळतं म्हणाला. वकील शिक्षेचं वर्षांमध्ये बोलतात, पण किती ते सांगत नाहीत.

तू वकिलांकडून दोन गोष्टी कळवल्यास. घरात झाडं आहेत ही बातमी पोलिसांना कुणी दिली, हे शोधून काढायचं. आणि मी कोर्टात सांगायचं, की झाडं सगळी माझी, मला बागेचा नाद आहे, मी चुकून लावली. दुसऱ्या गोष्टीचं आधी लिहिते.

फांद्या मीच लावल्या. ते मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय, कारण ते खरं आहे.

जानेवारीत निमिष कॉन्फरन्सला जपानला गेला होता आणि पुढे मित्रांबरोबर फिरणार होता. मी त्याच्या धुतलेल्या शर्टांच्या घड्या ठेवायला खोलीत गेले, तर कपाटाच्या फटीतून उजेड. दिवा विसरला वाटलं. उघडलं तर आत कमरेइतकं झाड, वर दिवा, आणि बाजूला पेल्यात छाटलेल्या फांद्या, माना टाकलेल्या. तो वनस्पतींवरच पीएचडी करतो, त्यामुळे दिव्याचं काही वाटलं नाही. पानं मात्र बघत राहिले. पंज्यासारखी, कडेला दाते असलेली. आई परसात लावायची ती अंबाडी! आपल्याकडे अशीच दिसते की नाही ती, सांग. इथे टेक्का मार्केटात आली तरी आंध्राच्या बायका सकाळीच उचलून नेतात. मला वाटलं, मी दरवर्षी रडगाणं गाते म्हणून पोराने गुपचूप बी आणून लावलंय, संक्रांतीला मावशीला चकित करायला. त्या कपाटापुढे मी एकटीच हसत उभी होते, ताई.

मरायला टेकलेली फांदी मला बघवत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत आणल्या, मातीत खोचल्या, गुलाबाला घालते तसे वरून प्लॅस्टिकचे ग्लास उपडे घातले. झाडून सगळ्या लागल्या. निमिषच्या हातून एकही कधी लागली नव्हती, हे त्याने नंतर सांगितलं.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी माझं हळदीकुंकू होतं. वाण काय लुटायचं हा प्रश्न मिटला होता. एक पान चावून पाहिलं, तर आंबट नव्हतं, कडवट होतं. तरी शंका आली नाही. बायकांना म्हटलं, "इथलं पाणी गं, आंबटपणा यायला वेळ लागेल." नीता म्हणाली, "क्षिप्रा, पुढच्या वर्षी वाणात भाकरीपण दे हो सोबत!" नीता म्हणजे क्वीन्सटाउनची, मुकुलची बायको, मागे माझ्याबरोबर पुण्याला आली होती ती. सगळ्या हसत हसत कुंड्या घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी पूर्वी शाळेच्या कॅम्पवरून आली. खिडकीत दोन कुंड्या उरल्या होत्या. बॅग न उतरवता म्हणाली, "मम्मी, धिस वन इज ऑन द अँटी-ड्रग पोस्टर इन माय स्कूल." मी हसले. ती हसली नाही. "थ्रो अवे ला, मम्मी. प्लीज."

त्याच संध्याकाळी निमिष आला. मी काही विचारायच्या आधी खिडकीकडे बघून स्वयंपाकघरात खालीच बसला.

"बाकीच्या कुठायत?"

"वाणात दिल्या."

"वाणात?" तो हसला, ताई. खरंच हसला, आणि हसता हसता रडायला लागला. "मला झोप येत नाही गं मावशी. प्रयोग फसतायत, गाइड बोलत नाहीत. एवढ्यानेच येते. मी कुणाला विकलं नाही, आईशप्पथ." माझा विश्वास आहे. तुझाही असू दे.

दुसऱ्या दिवशी कीड लागल्याचं निमित्त करून मी घरोघर फिरले आणि कुंड्या परत आणल्या. फक्त नीताची राहिली. तिने ती दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवली होती, आणि तिथे नव्हती. "अगं काल होती," ती म्हणाली, "इथल्या आज्या हलवतात कुंड्या, विचारते." तिच्या कडेवर छोटी आर्या होती, माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत. मला पुढचं ऐकू येईना. त्या पोस्टरवरचं गांजाचं पान ज्याने ओळखलं, तो आता नीताचं दार वाजवणार. ती काय सांगणार? वाणात मिळालं?

निमिषला म्हटलं, आपणहून पोलिसांकडे जा. तो म्हणाला, दोन दिवस थांब, प्लीज. मी हो म्हटलं. लिफ्ट थांबली की आम्ही दोघं दाराकडे बघायचो.

इथवर लिहून मी उठले होते, भांडी घासून आले. आता पहिल्या गोष्टीचं.

शेजाऱ्यांनी नाही कळवलं. लॅबमधल्या कुणीही नाही. पोलिसांना फोन मी केला, ताई. निमिष आंघोळीला गेला होता. बाहेर आला तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्या पाया पडायला वाकला, परीक्षेला जाताना वाकायचा तसा. मी मागे सरकले.

आता सगळ्यात वाईट ते लिहिते, कारण कोर्टात ते निघणारच. नीताची कुंडी कुणी ओळखली नव्हती. मुंग्या झाल्या म्हणून मुकुलने आदल्या रात्रीच ती कचरा खाली टाकायच्या भिंतीतल्या शूटमध्ये टाकली होती आणि बायकोला सांगायला विसरला होता. निमिषला नेल्यावर चार दिवसांनी बोलता बोलता निघालं. म्हणजे कुणीही येणार नव्हतं. उरलेलं सगळं आम्ही तसंच शूटमध्ये टाकलं असतं, तर आज तो लॅबमध्ये असता.

फांद्या माझ्या, हे मी कोर्टातही सांगेन, त्याचं जे होईल ते होवो. कपाटातलं झाड माझं असं मात्र मी म्हणणार नाही. त्याने स्वतः सही करून कबूल केलंय, वकील म्हणतात खोटं टिकणार नाही. पण ते टिकलं असतं तरी म्हटलं नसतं. मला भीती वाटते. पूर्वी मला रोज शाळेतून मेसेज करते, घरी आहेस ना, एवढाच. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस हे मी विचारत नाही. तू बहुतेक ते झाड स्वतःच्या नावावर घेतलं असतंस.

परवा काचेपलीकडून निमिषने विचारलं, "आईला कळलं, फोन कुणी केला ते?" नाही म्हटलं. म्हणाला, "नकोच सांगू. मग ती तुझ्याकडे राहायची नाही. या गावात एकटी कुठे राहील ती?"

त्याचं ऐकावंसं फार वाटलं.

तुझं विमान सकाळी येतं. नीता तुला न्यायला येईल, तिच्याकडे राहायची सोय केली आहे. मी तिकडे येणार नाही, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. माझ्याकडे यायचं तुझ्या मनात आलं, तर तसं नीताला सांग. निमिषला भेटशील तेव्हा एवढंच सांग, की मावशीने स्वतःहून लिहिलं.

तुझी म्हणण्याचा हक्क उरला असेल तर तुझी,
क्षिप्रा