गुणाजीच्या बापाचा थेंब

४ ऑक्टोबर १९९३
नोकरी लागली एकदाची! खोपटच्या एसटी डेपोमागं व्यसनमुक्ती केंद्र, मला स्वतंत्र टेबल, खिडकीत तुळस. काम भन्नाट आहे. दारू सोडलेल्यांना तलफ किती येते ते मोजायचं. कागदावर आडवी रेघ. डावं टोक 'नकोच', उजवं 'आत्ता हवी'. ग्लासातली दारू नुसती हुंगायची आणि पेशंटनं रेघेवर फुली मारायची. ऐकून आईचं तोंडच उतरलं. बाबा दारूनंच गेले ना. थेंबालाही शिवायचं नाही, अशी शपथ घातली तिनं मला. म्हटलं, आई, मी मोजणार आहे, पिणार नाही.

७ ऑक्टोबर
आज गुणाजी आला. चेंदणी कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, गोड माणूस. ग्लास हातात येताच बोट बुडवून जमिनीवर शिंपडायला निघाला. मेलेल्या बापाचा थेंब म्हणे. आधी त्याला, मग आपण. मी खेकसलेच. फरशी नुकती पुसलेली, आणि इथं काय देवकार्य आहे? हात धरून थांबवला. बिचाऱ्यानं मुकाट फुली मारली, अगदी उजव्या टोकाला. म्हणाला, "ताई, ही तलफ माजी नाय. माज्या बापाची हाय." मला हसू आलं.

११ ऑक्टोबर
गुणाजीची फुली थेट डाव्या टोकाला! डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. माझा घसा मात्र सकाळपासून कोरडा. तांब्याभर पाणी प्याले, काही उपयोग नाही. ग्लास विसळताना वास आला आणि — छान वाटला. शी.

१३ ऑक्टोबर
गुणाजीची बायको शेवंती त्याला घरी न्यायला आली. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या बघून दारातच थबकली. मग म्हणाली, थेंब ज्यानं अडवला त्याच्याच मागं म्हातारा लागतो; अमावास्येला त्याचं त्याला देऊन टाका. दुपारी मीच रेघ ओढली, ग्लास हुंगला. फुली उजव्या टोकाला. फार भीती वाटतेय.

१५ ऑक्टोबर, सर्वपित्री
टेंभी नाक्यावर देवीचा मांडव सजतोय, सगळे बघायला गेलेत. कपाटातली बाटली काढली. बोट बुडवलं, शिंपडलं. घसा मोकळा! गेला म्हातारा. सुटले —

खुर्चीमागं कुणीतरी खोकलं. हा खोकला मी ओळखते. आमच्या घरी कधी कुणी थेंब ठेवला नाही. आई ठेवूच द्यायची नाही —

"मालू, आणि मला?"

शिंपडते, बाबा. शिंपडते — जमिनीवर नको म्हणतायत. 'तुझ्याच तोंडानं पिणार' म्हणतायत — बोट बुडालंय — आई, मी फक्त मोजणा