मधलं माप

ह्यूस्टन, ९ मार्च

ती. आईस,
ओडीलचा नमस्कार, वि. वि. फोनवर ओरडून तुझ्या शेजाऱ्यांना जागं करण्यापेक्षा लिहिलेलं बरं. अगं, लागला माझा नंबर! येत्या शरदात अंतराळस्थानकावर जायचं, आणि या खेपेला नुसतं आत बसायचं नाही. माझा जोडीदार हॅस्केल आणि मी पोशाख चढवून बाहेर पडणार, जुन्या बॅटऱ्या बदलायला. बारा वर्षं याच्यासाठी काढली.

सध्या मुक्काम सरावाच्या तलावात, तरंगत काम करायची सवय पाण्याखालीच होते. पोशाखाचं छातीचं कवच तीनच मापांत मिळतं: मधलं, मोठं आणि त्याहून मोठं. लहान माप कुणी केलंच नाही, म्हणून तुझी ही चिमणी मधल्यात गाद्या कोंबून बसते. पाण्यात डोकं खाली केलं की सगळं अंग घसरून खांद्यांवर येतं. हातमोज्यांपायी बोटांची दोन नखं गेली. हॅस्केल म्हणतो, चला, नेलपॉलिशचा खर्च वाचला. अक्षराला हसू नकोस, घाईत लिहिते आहे.

तुझ्या मायेवर आणि तू पाठवलेल्या सॉसेजवर तगून असलेली,
ओडील

लेक चार्ल्स, १६ मार्च

चि. ओडीलीस,
आईचे अ. उ. आ. पत्र वाचून रडले, मग फादर गिडरींना दाखवलं, मग पुन्हा रडले. रविवारी चर्चमध्ये त्यांनी तुझं नाव घेतलं म्हणतात. मला काय ऐकू येतंय! लोक वळून बघायला लागले तेव्हा कळलं.

पण बाई, मी बहिरी आहे, आंधळी नाही. मार्डी ग्राच्या सणाला आलीस तेव्हा गंबोच्या रश्श्याचं पातेलं डाव्या हाताने उचललंस. कोट घालताना तोंड भिंतीकडे केलंस. आणि हे अक्षर घाईचं नाही, दुखऱ्या हाताचं आहे. तुझे बाबाही छातीतली कळ लपवून समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर जात राहिले, कामाची पाळी बुडेल म्हणून. शेवटी त्यांना हेलिकॉप्टरने आणलं, ते कसं आणलं हे तू पाहिलंयस. डॉक्टरला खांदा दाखव. माझी शपथ आहे.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आई

ह्यूस्टन, २४ मार्च

ती. आईस,
नमस्कार, वि. वि. शपथ मागे घे. हो, उजवा खांदा गेलाय. डिसेंबरपासून. केस विंचरायलासुद्धा हात वर जात नाही. पण दाखवला की त्याच दिवशी नाव कापतील. मी सेहेचाळीसची आहे गं, मला पुढची खेप नाही. लहान मापाचे नवे पोशाख येणार, येणार, हे मी आल्यापासून ऐकते आहे.

हॅस्केलला माहीत आहे. डोक्यावरचं काम आलं की तो गुपचूप आपल्याकडे घेतो, आणि तलावाच्या काठावरून टेहळणाऱ्यांना सांगतो की मीच त्याला आळशी म्हटलं. भला माणूस आहे. बाबांचं मधे आणायला नको होतंस. फार लागलं.

रागावलेली, तरी तुझीच,
ओडील

लेक चार्ल्स, ३१ मार्च

चि. ओडीलीस,
अ. उ. आ. शपथ मागे घेतली. कुणाकडे ब्र काढणार नाही. एवढंच सांग. तूच मला म्हणाली होतीस की बाहेर जोडीदाराची शुद्ध गेली, तर दुसऱ्याने त्याला ओढत दारापर्यंत आणायचं, तिथे तिसरं कुणी नसतं. हॅस्केलला तू कुठल्या हाताने ओढणार?

त्यालाही आई असेल.

आई

ह्यूस्टन, १८ एप्रिल

ती. आईस,
नमस्कार, वि. वि. गेल्या आठवड्यात तलावात तोच सराव होता. हॅस्केल ओंडक्यासारखा पडून राहिला आणि मी त्याला दाराकडे न्यायचं. अर्ध्या वाटेत हात गेला. गेलाच, बोटंसुद्धा माझी राहिली नाहीत. कळ अशी आली की ओठ चावून रक्त आलं. तेवढ्यात आम्ही पुढे सरकायला लागलो. बेशुद्ध पडलेला माणूस मला दिसेल न दिसेल अशा बेताने पायाच्या चवड्याने दांडीला रेटा देत होता. दारापर्यंत त्याने मला नेलं. वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी उत्तीर्ण.

कवच उतरवलं आणि तशीच ओल्या केसांनी डॉक्टरकडे गेले. सगळं सांगितलं. खांद्याचे दोन स्नायू फाटलेत. शस्त्रक्रिया होईल, पण हात पूर्वीसारखा होणार नाही. माझं नाव गेलं, ते जाणारच होतं.

पण आई, त्यांनी विचारलं की जोडीदाराला माहीत होतं का. मी नाही म्हणाले. त्यालाही बोलावलं, आणि तो गाढव हो म्हणाला. त्याचंही नाव कापलं. लपवणाऱ्याला बाहेर पाठवत नाहीत. आता तो समोरून येतो, मान हलवतो आणि पुढे जातो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आमच्या जागी दोघं नवे आले. त्यातली मुलगी माझ्याहून बारीक आहे. तिला मधलंच कवच देणार आहेत. गाद्या कुठे कोंबायच्या ते मी दाखवावं, असं वरून सांगणं आलंय. उद्या दाखवणार आहे.

तू म्हणालीस ते बरोबर होतं. पण पुढच्या पत्रात तसं लिहू नकोस. त्याच्या पुढच्याही नको.

हे डाव्या हाताने लिहिलंय. पत्र पाठवत राहा.

तुझी,
ओडील