आमच्या एसी कंपनीतला माझा निम्मा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, जाहीर करते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. भीती वाटते. वकिलांना विचारले, तर म्हणाले, भीतीमुळे मृत्युपत्र बाद होत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली बचत नवऱ्याला. “साधं ऑपरेशन आहे, एवढं काय लिहीत बसलीस?” असे तो म्हणतो आणि माझे रिपोर्ट पुन्हा चाळायला घेतो. घर विकले तरी चालेल. एकट्याने त्यात कुढत बसू नये.

२. माझी हत्यारे, म्हणजे गॅसचा दाब मोजायची गेजे, व्हॅक्यूम पंप आणि नळी वाकवायची स्प्रिंग, पहिल्या शाखेच्या वर्कशॉपला. काचेच्या कपाटात शोभेला ठेवू नयेत. वापरावीत, मोडली तर मोडली.

३. “बाई शिडीवर चढून एसी लावणार का?” असे चारचौघांत विचारणाऱ्या आतेभावाला माझ्या खोलीतला जुना खिडकीचा एसी. गारवा कमी, आवाज फार, दोघांचे जमेल. हा कोतेपणा आहे हे कळते. तरी राहू दे.

४. कंपनीतला माझा निम्मा हिस्सा भावजयीला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

धाकट्या भावाने आणि मी एका गॅरेजात दुरुस्तीपासून सुरुवात केली. आज आसपासच्या चार शहरांत शाखा आहेत. वाढलो ते एका रिवाजामुळे: उन्हाळ्यात जुन्या गिऱ्हाइकांची दुरुस्ती संपेपर्यंत नवा एसी विकायचा नाही. दारात आलेल्या माणसाला आम्ही ऐन हंगामात सांगायचो, थोडे थांबा. लोक हसायचे, पण थांबायचे.

तिसरी शाखा उघडली त्या उन्हाळ्यात भावाने हे मोडले आणि सगळे फिटर नव्या जोडण्यांवर पाठवले. तक्रारींचे फोन तेव्हा भावजय घ्यायची. लोकांची बोलणी खाऊन खाऊन एका दुपारी ती उठली, दुकानाचे शटर ओढले आणि फिटरना परस्पर दुरुस्तीच्या पत्त्यांवर धाडले. भावाने तिच्याशी अबोला धरला. गिऱ्हाइके मात्र टिकली.

आता एका मोठ्या कंपनीला आम्हाला विकत घ्यायचे आहे. दुरुस्ती विभाग बंद करणार, हे त्यांनी आधीच सांगितले आहे. म्हणजे आमची जुनी माणसे घरी बसणार. भावाला विकायचे आहे. तो दमला आहे, हे मला दिसते. मी आहे तोवर अडवते आहे. मी नसले तर? ही काळजी माणसांची की माझ्या नावाची, असे स्वतःला विचारून पाहिले. दोन्हींची असावी.

भावजयीचे आणि माझे फार सख्य नाही. नव्या ऑफिसात तिचे टेबल मी केबिनबाहेर ठेवले, हे ती विसरलेली नाही. तरीही हिस्सा तिलाच. भावाला विकायचे असेल, तर आधी घरात पटवावे लागेल.

५. (हे कलम खोडले आहे.)

खुलासा : पाचव्या कलमात अट होती, की कंपनी कधीही विकू नये. काल मसुदा भावजयीला वाचून दाखवला. तिने पाचव्या कलमावर बोट ठेवले.

“ताई, हिस्सा घेते. ही अट काढा.”

“म्हणजे तू विकणार?”

“ते आत्ता नाही सांगता येत. पण नाही म्हणायची वेळ आली, तर ते मी म्हणेन. तुमचा कागद पुढे केला, तर हे म्हणतील, ताईचंच चाललंय अजून. मग माझं कोण ऐकणार?”

शब्द तरी दे, असे म्हणावेसे वाटले. म्हटले नाही. अट मी स्वतः खोडली. रेघ वाकडी आली आहे, कारण पट्टी न घेता ओढली. त्यावरून कोणी शंका काढू नये. मला तसेच करायचे होते. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

साक्षीदार : समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपाल. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या. या कागदातून दोघांनाही काही मिळत नाही.

ठिकाण : राहते घर
दिनांक : ४ मार्च
सही : (केली आहे)